वाफा घालण्याआधी मेर बघा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

(कार्तिकातल्या गुरुवारच्या सत्संगातून, साधकांनी टिपून घेतलेले)

भक्तजनहो,

दिवाळी झाली, भात घरात आलं. पेडण्यात म्हणा, डिचोलीत म्हणा, जिथे तिथे आता पिकाव आणि कुदळी निघाल्यात. परवा काही माउल्या म्हणाल्या, "महाराज, थोडे दिवस सत्संगाला उशीर होईल, मळ्यात वाफे घालायचेत." मी म्हटलं, खुशाल घाला. सावता महाराज अरणच्या मळ्यातच राहिले, शके १२१७ मध्ये तिथेच समाधिस्थ झाले. पांडुरंग त्यांना मळ्यातच भेटला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या मळ्यात लव्हाळा माजलेला असेल, असं मला वाटत नाही हां!

लव्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. वरून कापला की वाफा कसा स्वच्छ दिसतो. आठ दिवसांनी बघा, पुन्हा हजर. गाठ खाली मातीत असते ना! ती खणून, वेचून बाहेर टाकावी लागते. कंबर मोडते, म्हणून आपण वरचं कापतो आणि तांबडी भाजीचं बी राखेत मिसळून फेकून मोकळे होतो. नामाचंही आपण असंच करतो.

एक साधक आला होता. रोज दहा माळा करतो, मन मात्र लागत नाही म्हणाला. मी विचारलं, यंदा वाफे कुठे घातलेस? म्हणाला, "घरामागे. मळ्यात जात नाही." का रे बाबा? तर मळा भावाला लागून, मध्ये एकच मेर. याने एका वर्षी हातभर तासली, भावाने दुसऱ्या वर्षी तासली. दोघांचाही वाफा थोडा रुंद झाला. मेर बारीक झाली, त्यात खेकड्यांनी बिळं केली, आणि एका पावसाळ्यात ती फुटली. दोघांचंही पाणी गेलं. तीन वर्षं बोलणं नाही. बाव सामाईक, म्हणून हा तिकडे कळशी घेऊनही जात नाही.

आधी कोणी तासली, ते मी विचारलं नाही. तेवढंच त्याला सांगायचं होतं, म्हणून थोडा नाराज झाला.

मी म्हटलं, बी घालण्याआधी तुझ्या बाजूची माती मेरेवर चढव. भावाला बोलावू नकोस, गुरूंनी सांगितलं असंही म्हणू नकोस.

"आणि त्याने पुन्हा तासली तर?"

पुन्हा चढव.

"किती वेळा?"

बाबांनो, याला माझ्याकडे आकडा नाही. दहा माळांचा हिशेब तो ठेवतो, हा कसा ठेवायचा? प्रसाद न घेताच उठून गेला. मलाही त्या रात्री वाटलं, फार कडक बोललो का?

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. काल फोन आला. मेरेचा विषय नाही. विचारलं, "आईने ठेवलेलं हरमल मिरचीचं बी आहे, दोन वर्षांचं. रुजेल का?" ज्या मिरचीला २०२१ साली जीआय मानांकन मिळालं, तीच ही, आपल्या पेडण्याची. मी म्हटलं, दहा-वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेव, थोड्या दिवसांत कळेल.

"बरं," म्हणाला. मग जरा थांबून, "रोपं जास्त झाली तर त्यालाही लागतील."

कोणाला, ते मी विचारलं नाही.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥