खूण आणि नोंद

जुन्नर शहराजवळ मानमोडीचा डोंगर आहे. त्याच्या पोटात बौद्ध लेणी आहेत आणि लेण्यांत ब्राह्मी लेख. १९१८ साली इन्फ्लुएंझाची जी साथ आली, तिलाही मराठी माणसाने मानमोडी हेच नाव दिले. आता समजा, जुन्नर तालुक्याचे सगळे जुने कागद स्कॅन झाले आणि शोधाच्या चौकटीत तुम्ही ‘मानमोडी’ हा शब्द घातला. डोंगराचे कागद आणि साथीचे कागद एकाच यादीत, एकाखाली एक उभे राहतील. यात यंत्राची चूक नाही. आपण शब्द मागितला, त्याने शब्द दिला. ती यादी पाहून आपण ‘इतिहास सापडला’ असे म्हणतो, तेव्हा मात्र चूक आपली असते.

हे लिहायला बसलो ते गेल्या दोन-तीन वर्षांत सारखे कानावर येणाऱ्या एका विधानामुळे. दप्तर आता सर्वांचे झाले, शब्द टाकला की कागद बाहेर येतो, मग मधल्या जाणकाराची गरजच काय, असे ते विधान. व्यासपीठांवरून ते अभिमानाने केले जाते आणि ऐकणारेही मान डोलावतात. मला ते उथळ वाटते. उथळ वाटते म्हणून सोडून देता आले असते. पण या विधानावर आता माणसांची आयुष्ये टेकू लागली आहेत.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मराठ्यांना कुणबी दाखले देता यावेत म्हणून आधी मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांसाठी आणि पुढे सगळ्या महाराष्ट्रासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जन्ममृत्यूची रजिस्टरे, शाळांची प्रवेश-निर्गम पुस्तके, हक्कनोंदीची पत्रके, खरेदीखते, दत्तकपत्रे, पोलिसांचे अटक पंचनामे, कारागृहाच्या नोंदवह्या, सगळे बाहेर निघाले. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सांगण्यात आले. पाने स्कॅन करून लोकांसमोर ठेवण्यात आली. आरक्षण कोणाला मिळावे हा या लेखाचा विषय नाही. माझे म्हणणे एवढेच की, महाराष्ट्राच्या सार्वजनिक दप्तराची इतकी मोठी झडती याआधी क्वचितच झाली असेल आणि ती एका शब्दासाठी झाली.

शब्दाने शोधण्याची सोय झाली याचा मला मनापासून आनंद आहे. हातवीजचा किंवा आहुप्याचा माणूस आजोबांच्या नावाचा एक उतारा मिळवण्यासाठी जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या कचेरीत किती खेटे घालत असे, हे त्या खोऱ्यांत वावरलेल्याला सांगावे लागत नाही. ‘दप्तर सापडत नाही’ या तीन शब्दांनी त्याची वाट अडवलेली असे. ती अडवणूक सैल झाली, हे चांगलेच झाले. म्हणून दप्तरे पुन्हा अभ्यासकांच्या कुलपात ठेवा म्हणणाऱ्यांशी माझे जमणार नाही. इंग्रजी अमलातले सगळे कागद म्हणजे राज्यकर्त्यांची रचना, तेव्हा ते वाचण्यातच अर्थ नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा सातबाऱ्यावरून भांडणाऱ्या शेतकऱ्यासमोर ते म्हणून पाहावे. माझा वाद आहे तो ‘शब्द पुरेसा आहे’ म्हणणाऱ्यांशी.

पहिली गोष्ट, शब्द एका जागी थांबत नाही. ‘आंबेगाव’ घ्या. पुणे शहराच्या कात्रज बाजूला आंबेगाव बुद्रुक आहे, आंबेगाव खुर्द आहे. तालुका आंबेगाव आहे, त्याची कचेरी घोडेगावला आणि मोठी बाजारपेठ मंचरला. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याच्या प्रत्येक सरकारी कागदाच्या माथ्यावर ‘आंबेगाव’ छापलेले असते. त्यामुळे हा शब्द टाकणाऱ्याला सगळे मिळते आणि त्या ढिगात बुडालेले गाव दुसऱ्यांदा बुडते.

यावर उत्तर येते की, शब्दाची सगळी रूपे यादीत घालू. कुणबी, कुळंबी, कुलंबी, नुसते ‘कु.’ हेही घालू. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, तेही यंत्राला शिकवू. शिकवावे. पण अडचण लेखनाच्या रूपांपाशी संपत नाही. भीमाशंकरच्या डोंगरउतारावर महादेव कोळी कुटुंबे एकमेकांच्या मदतीने बांध घालून भाताची खाचरे तयार करतात. या कामाला त्यांचा शब्द आहे ‘पडकई’. शेतीखात्याच्या कागदात त्याच जातीचे काम ‘मजगी’ होते किंवा ‘सपाटीकरण’ होते. आता पडकई शोधणाऱ्याला मजगीची फाइल कशी मिळावी? ही एका शब्दाची दोन रूपे नव्हेत. एक शब्द राबणाऱ्याचा आहे, दुसरा अंदाजपत्रक करणाऱ्याचा. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. तेव्हापासून ‘माळीण’ हा शब्द दुर्घटनेचे नाव झाला आहे. त्याआधी तिथे शेते कशी केली जात, उताराला काय काय केले गेले, ही माहिती ‘माळीण’ या खुणेखाली मिळणार नाही. ती वेगळ्या खात्याच्या, वेगळ्या नावाच्या कागदात असणार. आणि दुर्घटनेचा विचार करायचा तर नेमकी तीच हवी.

मग दुसरे उत्तर येते. खुणेच्या चिठ्ठ्या जाणकारांकडून लावून घेऊ. पडकईच्या कागदावर मजगी आणि मजगीच्या कागदावर पडकई. उत्तर चांगले आहे, पण चिठ्ठी लावणाराही आपल्या काळाचाच असतो. आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होनाजी केंगले १८७० च्या दशकात सावकारांविरुद्ध उठला. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचे तेच दिवस. इंग्रजी दप्तराला तो टोळीवाला, दरोडेखोर. आज त्या खोऱ्यात त्याला क्रांतिकारक म्हणतात. त्या वेळच्या कारकुनाने खूण लावली असती तर ‘दरोडा’ अशी लावली असती. आज लावणारा ‘स्वातंत्र्यलढा’ अशी लावील. मला दुसरी खूण जवळची वाटते, हे लपवत नाही. पण ‘स्वातंत्र्यलढा’ एवढेच शोधणाऱ्याला सावकाराची वही दिसणार नाही, कर्जाचे खत दिसणार नाही, गहाण पडलेले रान दिसणार नाही. हा माणूस का उठला हे त्याच कागदांत आहे आणि त्या कागदांवर त्याचे नावही नसेल.

तिसरे उत्तर आजचे आहे. यंत्र आता संदर्भही समजू लागले आहे, थोडे थांबा. याच उत्तराशी मला अधिक वेळ थांबायचे आहे, कारण इथे प्रश्न यंत्राच्या कुवतीचा राहत नाही.

अनुसूचित जमातींच्या यादीत ‘कोळी महादेव’ आहे, ‘कोळी मल्हार’ आहे, ‘टोकरे कोळी’ आहे. नुसते ‘कोळी’ नाही. महाराष्ट्रात किनाऱ्यापासून पठारापर्यंत कोळी म्हणवणारे समाज अनेक आहेत आणि कायद्याने त्यांच्यात फरक केला आहे. जमातीचा दाखला पडताळताना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या कागदाला मोठे वजन असते. आता पश्चिम जुन्नरमधल्या एखाद्या डोंगरी गावाचे जुने रजिस्टर उघडले आणि जातीच्या रकान्यात ओळीने ‘कोळी’, ‘कोळी’, ‘कोळी’ असे निघाले तर? खुणेच्या भाषेत ही नोंद निरुपयोगी. ‘महादेव’ हा शब्दच त्यात नाही.

पण लिहिणाऱ्याच्या जागी जाऊन बसा. ज्या गावात बहुतेक घरे महादेव कोळ्यांचीच आहेत, तिथे ‘महादेव’ लिहिण्याचे कारण काय? माणूस वेगळेपण दाखवण्यापुरते लिहितो. सगळ्यांना ठाऊक असलेले लिहीत नाही. त्या रकान्यातले ‘कोळी’ वाचायचे तर गाव कोणते, शेजारचे घर कोणाचे, आडनाव काय, रजिस्टर कोणी कशासाठी ठेवले, हे सगळे पाहावे लागते. तोच शब्द पंढरपूरकडच्या रजिस्टरात आला तर वाचन वेगळे होईल, वेसाव्याच्या रजिस्टरात आला तर आणखी वेगळे. शाई तीच, अक्षरे तीच. अर्थ मात्र न लिहिलेल्या भागात आहे. जे लिहिलेलेच नाही त्याला खूण कशी लावणार?

न्यायालयांनाही हा पेच सुटता सुटत नाही. जात पडताळणी समित्यांची पद्धत घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा निकाल महादेव कोळी असल्याच्या दाव्यातूनच आला. नुसत्या कागदावर विसंबू नका, चालीरीती, देवदेवता, जन्ममृत्यूचे विधीही तपासा, असे त्यात आले. त्यातून आप्तभाव चाचणी रूढ झाली. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की, ही चाचणी प्रत्येक प्रकरणात शेवटचा निकष मानता येणार नाही. कागदाकडून माणसाकडे आणि माणसाकडून पुन्हा कागदाकडे असा हा प्रवास आहे. खोटे दावे होतात, खऱ्या आदिवासीची जागा जाते, हे खरे आहे आणि म्हणूनच कसून तपासणी हवी. पण तपासणी म्हणजे शब्द जुळवणे नव्हे. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला ‘कुणबी’ या एका शब्दाच्या असण्याने कोणाचे दार उघडते आणि पश्चिमेला ‘महादेव’ या एका शब्दाच्या नसण्याने कोणाचे बंद होते. दोन्हीकडे नोंद वाचण्याआधी शब्द मोजला जातो.

म्हणून मी खूण आणि नोंद यांत फरक करतो. खूण शोधणाऱ्याची असते. आज त्याला काय हवे आहे, ते ती सांगते. नोंद लिहिणाऱ्याची असते. कोणी, कोणत्या कामासाठी, कोणत्या वहीत, कोणत्या ओळीच्या खाली ती लिहिली, हे सगळे मिळून नोंद होते. खुणेला शेजार नसतो. नोंद शेजाराशिवाय नोंदच राहत नाही.

आपल्याकडे हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. जुनी दप्तरे रुमालात बांधून ठेवत. एका कामाचे, एका ठिकाणचे कागद एका रुमालात. रुमाल म्हणजे धूळ बसू नये म्हणून गुंडाळलेले फडके एवढाच त्याचा अर्थ नव्हता. कोणता कागद कोणाच्या शेजारी राहील हे तो सांभाळत असे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या आसपास पेशवे दप्तरातून ४५ खंड काढले, तेव्हा मालिकेच्या नावातच सांगितले की हे निवडलेले कागद आहेत. वाचणाऱ्याला कळत होते की मागे न निवडलेले कितीतरी आहे. शोधाच्या चौकटीतून आलेली यादी मात्र आपण निवडलेली आहे, असे कधी सांगत नाही.

आणखी मागे जायचे तर पुन्हा मानमोडीच्या लेण्यांकडे जावे लागते. तिथल्या लेखांत दान दिलेली जमीन आहे, तिचे माप निवर्तनांत आहे, त्या जमिनीत करंज आहे की वड ते आहे, गाव आहे आणि दान ज्या श्रेणीशी निगडित आहे तिचे नाव आहे. लेख खडकावर आहे, त्यामुळे त्याला जागेवरून उचलता येत नाही. वाचायचे तर डोंगर चढून तिथेच जावे लागते. दोन हजार वर्षे होत आली तरी त्या नोंदीचा पत्ता हरवलेला नाही.

संगणकात हे जमणार नाही असे मला वाटत नाही. ‘आपले अभिलेख’ या नावाने जुने सातबारे आणि फेरफार पाहायची जी सोय आहे, तिच्यात आधी जिल्हा, मग तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि मग गटनंबर, असे जावे लागते. लोक या पायऱ्यांना कंटाळतात. माझ्या मते तिची खरी किंमत या पायऱ्यांतच आहे. तुम्ही नकळत रुमाल सोडत आत जाता. शब्दाने शोधण्याची सोय या वाटेला जोडून असावी, वाटेच्या जागी नसावी. शब्द सापडला की समोर कापलेली ओळ येऊ नये. अख्खे पान यावे, वहीचे नाव यावे, मागचे आणि पुढचे पान यावे. मोडी पानाचे लिप्यंतर कोणी केले आणि कुठे शंका राहिली, तेही दिसावे. मोडी वाचणारी माणसे एका मोहिमेपुरती शोधून सोडून देऊ नयेत. प्रत्येक तालुक्यात ती कायम असावीत.

आणि एक विनंती दप्तर उघडणाऱ्याला. जन्ममृत्यूच्या ज्या पानावर तुम्हाला आजोबांच्या नावापुढे हवा तो शब्द सापडला, त्याच पानावर मृत्यूच्या कारणाचाही रकाना आहे. त्यात कुणाच्या पुढे ताप लिहिले असेल, कुणाच्या पुढे पटकी. ती माणसे तुमच्याच गावची आहेत आणि त्यांना शोधायला कोणीही आलेले नाही. प्रत काढून घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. पण रजिस्टर मिटण्यापूर्वी ते पान वरपासून खालपर्यंत एकदा वाचा.