मनगटावरचा पट्टा आणि मनातला हिशेब





येलहंका परिसरातल्या आपल्या मराठी साधक कुटुंबांकडून सुट्ट्या जवळ आल्या की एक प्रश्न हमखास येतो. "मुलांच्या परीक्षा संपल्या की चार दिवस मालदीवला जायचे ठरते आहे. समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये राहणे, खाणे, पिणे, खेळ, सगळे एकाच पैशात आहे. आपण नित्य साधना करतो. अशा भोगाच्या ठिकाणी जावे का?"

हा प्रश्न येलहंकातून यावा यात नवल नाही. २००८ साली देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला आणि येलहंका त्याच्या वाटेवर आले. आज इथल्या कुटुंबाला कोल्हापूर-सोलापूरकडचे आपले गाव गाठायला रात्रभर बसमध्ये काढावी लागते, आणि मालदीवच्या माले शहरात मात्र विमान दोनेक तासांत उतरते. २०२१ ते २०२३ ही सलग तीन वर्षे मालदीवला सर्वाधिक पर्यटक भारतातूनच गेले. तेव्हा हा प्रश्न एखाद्या घराचा राहिलेला नाही.

विश्रांती घेणे हा अधर्म नाही. आपल्या परंपरेने 'काम' हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला आहे, आणि गीतेने योग्यासाठी आहार आणि विहार दोन्ही सांगितले आहेत, फक्त ते बेताचे असावेत असे म्हटले आहे. म्हणून 'जावे की न जावे' एवढ्यावर न थांबता तिथे गेल्यावर आपल्या मनाचे काय होते, ते आज पाहू या.

ही कल्पना आली कुठून?

१९५० साली जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थाने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून एक सुट्टीचे गाव वसवले. राहणे, जेवण, खेळ यांचे पैसे एकदाच आधी भरायचे आणि मग रोजच्या देण्याघेण्याचा विचारच करायचा नाही, अशी ती कल्पना होती. यातूनच 'क्लब मेड' ही संस्था वाढली. पुढे या गावांमध्ये पेयांचे पैसेसुद्धा गळ्यातल्या मण्यांनी देण्याची पद्धत आली. पोहण्याच्या कपड्यांना खिसा कुठे असतो? आज अनेक ठिकाणी मण्यांची जागा मनगटावरच्या रंगीत पट्ट्याने घेतली आहे. पट्टा दाखवा आणि हवे ते मागा.

साधकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट म्हणजे, हेच ब्लिट्झ पुढे योगाकडे वळले. चेन्नईच्या टी. के. व्ही. देशिकाचार यांच्याकडे ते शिकले आणि युरोपात योगाच्या प्रसारासाठी त्यांनी मोठे काम केले. ज्यांनी जगाला 'मागाल ते मिळेल' अशी सुट्टी दिली, त्यांनाही त्याच्या पलीकडचे काही शोधावेसे वाटले.

मालदीवमध्ये पहिले रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ साली उघडले. तिथे साधारणपणे एका बेटावर एकच रिसॉर्ट असते. चारही बाजूंना पाणी आणि मध्ये आपण. दुकान नाही, रस्ता नाही, पाकीट काढायची वेळच येत नाही.

हिशेब दिसेनासा झाला की

आता मनाकडे पाहू. घरी आपण दोन पोळ्या खातो. तिथे बुफेसमोर उभे राहिलो की पाच प्रकारचे गोड ताटात येते. भूक तेवढीच असते, पण मन म्हणते, "पैसे भरलेच आहेत, वसूल करू." ज्याने वर्षभर मद्याला स्पर्श केला नाही, त्यालाही वाटते, "पॅकेजमध्ये आहेच, तर चव बघायला काय हरकत आहे?" फुकट ते पौष्टिक, ही म्हण आपल्याच घरातली आहे. खरे तर ते फुकट नसतेच. त्यासाठी काही लाख रुपये मोजलेले असतात, कदाचित हप्त्यांवर. पण मोजण्याची क्रिया एकदाच घडून गेली की मन ती विसरते, आणि किंमत विसरलेल्या मनाला मर्यादाही उरत नाही.

घरी मर्यादा घालायला खिसा असतो, आई असते, शेजारी असतात, उद्याचे ऑफिस असते. बेटावर यातले कोणीच नसते. तिथे मर्यादा घालणारा एकटा विवेक असतो. वर्षभराच्या साधनेने तो किती जागा झाला आहे, याची परीक्षा ध्यानाच्या आसनापेक्षा बुफेच्या रांगेत अधिक प्रामाणिकपणे होते.

पाण्याचेच पाहा. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत काय अवस्था होती, ते येलहंकात वेगळे सांगायला नको. हजारो कूपनलिका आटल्या, टँकरची वाट पाहावी लागली, पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड होता. घरोघरी बादल्या मोजल्या जात होत्या. बारमाही नदी नसलेल्या या भागात येलहंकाच्या केंपेगौडांनी १५३७ साली बेंगळुरू वसवले, तेव्हा तळी बांधली, कारण पाणी साठवल्याशिवाय इथे वस्ती टिकणार नाही हे त्यांना ठाऊक होते. आज कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, शेकडो मीटर चढवून शहरात आणावे लागते.

मालदीवमध्येही नदी नाही. रिसॉर्टमध्ये नळाला येणारे गोडे पाणी बहुतेक ठिकाणी समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून बनवतात, आणि त्यासाठी लागणारी वीज मुख्यतः आयात केलेले डिझेल जाळून तयार होते. बहुतेक अन्न जहाजाने आणि विमानाने येते. राजधानीजवळ तिलाफुशी नावाचे बेट आहे. १९९० च्या दशकापासून कचऱ्याचा भराव टाकून ते वाढवत नेले आहे. देशाची बहुतांश जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरही वर नाही. येलहंकात बादली मोजणारे आपलेच हात तिथे दिवसातून चार वेळा शॉवर सुरू करतात. पाणी दोन्हीकडे तेवढेच दुर्मीळ आहे. एका ठिकाणी हिशेब आपल्याला दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो कोणीतरी पडद्याआड सांभाळतो, एवढाच काय तो फरक.

आणि हा 'कोणीतरी' माणूस असतो. बांगलादेशातून, श्रीलंकेतून, आपल्याच देशातून आलेली माणसे तिथे चादरी बदलतात, भांडी घासतात, वाळू सारखी करतात. ज्या दिवसांत आपण मुलांबरोबर पाण्यात खेळतो, त्या दिवसांत त्यांची मुले फोनवर बाबांचा चेहरा पाहत असतात.

नचिकेत्यापुढचा देकार

'मागशील ते मिळेल' हा देकार आपल्या परंपरेला नवा नाही. कठोपनिषदात यमाने तो एका मुलापुढे ठेवला आहे. नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसला होता. अतिथी उपाशी राहिला म्हणून यमाने तीन वर दिले. पहिल्या वराने नचिकेत्याने वडिलांच्या मनाची शांती मागितली, दुसऱ्याने स्वर्गाला नेणारा अग्नी जाणून घेतला. तिसऱ्या वेळी त्याने विचारले, मेल्यानंतर माणसाचे काय उरते? तेव्हा यम त्याला वळवू पाहतो. दीर्घायुषी मुले-नातवंडे, हत्ती, घोडे, सोने, विस्तीर्ण भूमी, हवे तितके आयुष्य, रथातून येणाऱ्या, वाद्ये वाजवणाऱ्या सुंदरी. सगळे घे, फक्त हा प्रश्न सोड.

तीन रात्री उपाशी राहिलेल्या मुलापुढे हे ताट वाढले आहे, हे विसरू नका. त्याने भोगांना पाप म्हटले नाही. त्याचे म्हणणे इतकेच होते की हे उद्यापर्यंतही टिकेल याची खात्री नाही, इंद्रियांचे तेज मात्र यात झिजते, आणि कितीही आयुष्य मिळाले तरी ते थोडेच आहे. मग यमाने त्याला प्रेय आणि श्रेय यांतला फरक सांगितला. जे आता गोड लागते ते प्रेय, ज्याने खरे कल्याण होते ते श्रेय. दोन्ही माणसासमोर येतात आणि निवडायचे त्यानेच असते.

स्वर्गाचे वर्णनही या रिसॉर्टशी किती जुळते पाहा. आधी पुण्य भरायचे, मग भोगायचे, आणि साठा संपला की मृत्युलोकात परत यायचे, असे गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. चौथ्या दिवशी दुपारी खोली सोडायची असते, तसेच. म्हणूनच आपल्या संतांनी स्वर्गाला मुक्काम मानले नाही. जिथून सामान बांधून निघावेच लागते, ती धर्मशाळा. तिथे राहायला हरकत नाही, पण तिला घर समजू नये.

घरातले 'सगळे समाविष्ट'

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. या सुट्टीची सर्वांत जास्त ओढ घरात कोणाला असते? बहुतेक घरांत आईला. "चार दिवस स्वयंपाकघरात जायला नको," एवढेच तिचे म्हणणे असते. पंचवीस वर्षे तिने आपल्यासाठी 'ऑल इन्क्लुझिव्ह' चालवलेले असते. पहाटेचा चहा, डबे, सणाचे पुरण, आजारपणातली पेज. कोणी पट्टा दाखवला नाही, कोणी बिल मागितले नाही. त्या बेटावर कोणीतरी पहिल्यांदा तिला विचारते, "तुम्हाला काय आणू?" हा प्रश्न ऐकायला तिला परदेशात जावे लागले असेल, तर विचार आपण करायचा आहे. तिच्या त्या चार दिवसांना भोग म्हणून नाक मुरडणारी साधना कोरडी आहे.

आणखी मोठ्या अर्थाने पाहिले तर ही पृथ्वीच 'सगळे समाविष्ट' आहे. हवा, ऊन, पाऊस, अन्न. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, जे मिळाले त्यातले काही परत न देता नुसते भोगणाऱ्याला चोर म्हटले आहे. शब्द कठोर आहे, पण तो भोगणाऱ्याला लावलेला नाही, परत न देणाऱ्याला लावला आहे. आपले पूर्वज जेवणाआधी ताटाभोवती चित्राहुती ठेवत, गायीचा घास काढत, ते याच हिशेबाचे स्मरण होते.

वारीत पाहा. पंढरीच्या वाटेवर गावोगाव वारकऱ्याला जेवण मिळते, कोणी दाम विचारत नाही. पण तिथे वाढणारा खाणाऱ्याच्या पाया पडतो आणि खाणारा वाढणाऱ्याच्या. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसतो. पैसे तिथेही मध्ये येत नाहीत, तरी कोणी अतृप्त उठत नाही आणि कोणी अन्न टाकत नाही.

जाणार असाल तर

जाणार असाल तर आनंदाने जा. कर्ज काढून मात्र जाऊ नका. विश्रांतीसाठी काढलेले कर्ज वर्षभर विश्रांती घेऊ देत नाही. आणि सोबत हे पाच छोटे संकल्प न्या.

१. पहिल्या वाढपात थोडेच घ्यावे, लागले तर पुन्हा उठावे. पानात काही टाकू नये. मुलांना हे सांगण्याऐवजी करून दाखवावे.

२. जे व्रत घरी पाळता, ते पट्ट्यासाठी मोडू नये. 'पैसे भरले आहेत' हे व्रत मोडण्याचे कारण होऊ शकत नाही.

३. पाणी येलहंकात मार्च महिन्यात वापरले तसेच वापरावे.

४. आपली खोली आवरणाऱ्या आणि आपल्याला वाढणाऱ्या माणसाचे नाव विचारावे, नावाने हाक मारावी, निघताना आभार मानावेत आणि यथाशक्ती काही हातात द्यावे.

५. सूर्योदयाला अर्धा तास फोन खोलीत ठेवून समुद्रासमोर शांत बसावे. त्या बेटावरची ही एकच गोष्ट कोणत्याही पॅकेजमध्ये लिहिलेली नसते.

परत आल्यावर एक गोष्ट जरूर करावी. पहिल्या रविवारी घरातल्या इतर सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करावा, आईला बसवावे आणि विचारावे, "तुला काय आणू?" प्रवासावर झालेल्या खर्चाचा काही अंश, जमेल तेवढा, अन्नदानाला किंवा आपल्या भागातल्या तळ्याच्या कामाला द्यावा. येलहंकाचे तळे जवळच आहे. चार दिवस आपण ज्या पाण्याचा हिशेब ठेवला नाही, त्याची थोडी परतफेड तिथे करता येईल.

साधकहो, पट्टा चार दिवसांनी कात्रीने कापला जातो. आतला हिशेब मात्र आपल्याबरोबर येतो, आणि तो चोख असेल तर समुद्रकाठी असो की येलहंकाच्या फ्लॅटमध्ये, मन सुखानेच राहते. ती तृप्ती आपणा सर्वांना लाभो, आपल्याला वाढणाऱ्या प्रत्येक हातालाही लाभो, हीच परमेश्वराच्या चरणी प्रार्थना.

हरिः ॐ.