मूठभर धान्याचा भरवसा

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जयंतीला सातारा-सांगलीकडच्या शाळांतून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची गोष्ट हमखास सांगितली जाते. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. त्या त्यागापुढे मान झुकतेच. तरीही संस्था कशी चालते याचा विचार करताना मला मुष्टिफंडाची गोष्ट अधिक मोलाची वाटते. मंगळसूत्र एकदाच मोडता येते. मुलांना रोज जेवायला लागते.

मुष्टिफंडाची रीत साधी होती. घरातल्या बाईने स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवायची आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यायचे. मिरज तालुक्यातल्या दुधगावात 1910च्या सुमारास भाऊराव विद्यार्थी आश्रमाच्या कामात होते. पुढे 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांची रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उभे राहिले आणि 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. या सगळ्या वाटचालीला संस्थानिकांची मदत होती, अनुदानही होते. पण 1948 मध्ये भाऊरावांनी सरकारवर केलेल्या टीकेमुळे अनुदान थांबवले गेले, तेव्हा ते पुन्हा लोकांकडे गेले आणि संस्था टिकली. ज्या घरांनी वर्षानुवर्षे मूठ काढली होती, त्यांना ही संस्था कुणाची हे वेगळे सांगावे लागले नाही.

त्या मुठीत दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे ती देणे घरातल्या बाईच्या हातात होते. त्यासाठी तिला कुणापुढे पैसे मागावे लागत नव्हते. दुसरी म्हणजे धान्य न्यायला कुणीतरी दारात येत असे. आपल्या धान्यावर शिकणाऱ्यांची खुशाली त्या दारातच कळायची आणि गावाच्या तक्रारीही तिथेच ऐकाव्या लागायच्या. हिशेब देण्याची ती जागा होती.

आज देणारा बदलला आहे. त्याची दानत आटली, अशी खंत कार्यकर्त्यांच्या बैठकीत नेहमी ऐकू येते. मला ती पटत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा महाराष्ट्रभरातून धान्य, पाणी, औषधे, कपडे भरलेले टेम्पो या बाजूला निघाले.  पण पाणी ओसरल्यावर घर सावरायचे, मुलांच्या शाळा मार्गी लावायच्या, कर्ज फेडायचे, हे काम पुढची दोन-तीन वर्षे चालते आणि त्यासाठी टेम्पो येत नाहीत. माणूस मोबाइलवर दृश्य पाहतो, हेलावतो, क्यूआर कोड स्कॅन करून मिनिटात पैसे पाठवतो आणि तिथेच ते नाते संपते. देणे सोपे झाले, पण दारात येणारा माणूस त्यातून वगळला गेला.

कायद्यानेही सवयी बदलल्या. प्राप्तिकरातली 80जीची सवलत हे पगारदारांच्या देणगीचे मोठे निमित्त होते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही आणि 2023-24 पासून हीच प्रणाली आपोआप लागू होणारा पर्याय झाली. दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत आधीच बंद झाली होती. दुसरीकडे कंपनी कायदा 2013 नुसार मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावे लागतात. हा पैसा मोठा आहे आणि इमारत, रुग्णवाहिका, यंत्रे यांसाठी तो जरूर मागावा. मात्र कायदाच कंपनीला आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगतो. मग जत-आटपाडीसारख्या आडबाजूच्या तालुक्यांतल्या संस्थेपर्यंत त्यातले किती पोहोचणार? शिवाय प्रकल्प संपला की पैसा संपतो. बालवाडीच्या ताईंचे मानधन, कार्यालयाचे भाडे, विजेचे बिल हे कुठल्याच प्रकल्पात नीट बसत नाही.

म्हणून मला वाटते, लहान संस्थेने आपला रोजचा खर्च मुष्टिफंडावरच चालवायला शिकले पाहिजे. एका देणगीदाराच्या एक लाखापेक्षा दरमहा शंभर रुपये देणारे शंभर जण अधिक भरवशाचे, कारण त्यांतले दहा गळाले तरी काम थांबत नाही. बँकेच्या ऑटोपेने हे आज सहज जमते. पण पैसे आपोआप वळते झाले म्हणून हिशेब आपोआप पोहोचत नाही. त्यासाठी दर तीन महिन्यांनी साध्या मराठीत, एका पानावर, किती आले, कशावर गेले आणि काय जमले नाही हे कळवायला हवे. जमले नाही ते लपवणाऱ्या चकचकीत अहवालांनी या क्षेत्राचे फार नुकसान केले आहे. आणि मानधनासाठी पैसे मागताना संकोच नको. कार्यकर्त्याने उपाशी राहून सेवा करावी ही अपेक्षा क्रूर आहे, आणि तिच्यामुळेच चांगली माणसे काम सोडून जातात.

स्वतःची मिळकत हवीच. भाऊरावांचे ‘कमवा आणि शिका’ साताऱ्यातच रुजले. खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या शेतकऱ्यांनी बळीराजा धरणासाठी येरळा नदीच्या वाळूची मर्यादित विक्री केली आणि हितचिंतकांनी बिनव्याजी पैसे दिले. आधी स्वतःचे घातले आणि मग मागितले, म्हणून लोकांनी विश्वासाने दिले.

वाचकांना एक विनंती. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या संस्थेत जा, गेल्या वर्षीचा जमाखर्च मागा, प्रश्न विचारा. पटले तर दरमहा जमेल ती रक्कम सुरू करा आणि ही रक्कम मानधनासाठी वापरा, असे त्यांना स्वतःहून सांगा.