तबकडीची साक्ष

पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावात पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की जुन्या घड्याळाची तबकडी धड राहणे हेच नवल. केसमधले रबर कडक झाले की ओल आत शिरते, काळ्या रंगाचे पापुद्रे सुटतात, खुणांवरचा चमकणारा लेप आधी पिवळा आणि मग तपकिरी पडतो. पाणबुड्यांसाठी बनवलेली, दीडशे-दोनशे मीटर खोलीची हमी मिरवणारी डायव्हर घड्याळेही वय झाले की यातून सुटत नाहीत. अशी तबकडी खरवडून, नव्याने रंगवून, अक्षरे छापून घड्याळ विकण्याचा धंदा मुंबईत इतका फोफावला की परदेशातले संग्राहक या मालाला ‘मुंबई स्पेशल’ याच नावाने ओळखतात. गिऱ्हाईक विचारते, ओरिजिनल आहे ना? विक्रेता म्हणतो, मशीन कंपनीचेच आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये एक जुना तात्त्विक प्रश्न उभा आहे. वरचे रूप बदलले तरी वस्तू तीच राहते का? आणि राहत असेल, तर रंगवलेल्या तबकडीत गैर काय?

विक्रेत्याची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांच्या संवादातला रथाचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जूही नव्हे. या साऱ्यांच्या जुळणीला व्यवहारात दिलेले नाव म्हणजे रथ. मग घड्याळाचे खरेपण नेमके रंगाच्या थरातच का शोधायचे? आपला धार्मिक आचारही याच बाजूने बोलतो. पेणच्या कारखान्यांतून निघालेल्या गणेशमूर्ती पनवेलवरून मुंबईकडे जातात. शाडूची माती, त्यावर रंग, शेवटी डोळ्यांची आखणी. घरी प्राणप्रतिष्ठा होते, दीड दिवसाने किंवा अनंत चतुर्दशीला मूर्ती पाण्यात विरघळते, आणि पुढच्या भाद्रपदात नव्या मातीतून बाप्पा पुन्हा येतो. हा गणपती दुसरा आहे असे कुणी म्हणत नाही. देवाची ओळख मातीला चिकटलेली नसेल, तर घड्याळाची रंगाला का चिकटावी? हा आक्षेप वजनदार आहे; ‘जुने ते सोने’ म्हणून तो उडवून लावता येणार नाही.

माझे म्हणणे असे की इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. ‘ही वस्तू तीच आहे का’ हा एक प्रश्न आणि ‘ही वस्तू जे सांगते ते खरे आहे का’ हा दुसरा. पहिल्याचा निर्णय नागसेनांप्रमाणे व्यवहारावर सोपवता येईल, दुसऱ्याचा येत नाही. कारण अभ्यासकासाठी तबकडी ही साक्षीदार असते. सेईकोचे ६१०५ हे डायव्हर घड्याळ पाहा. ते १९६८ पासून १९७७ पर्यंत बनत होते. सुरुवातीच्या तबकड्यांवर ‘वॉटर १५० एम प्रूफ’ असे छापलेले असे; १९७० च्या सुमारास ‘प्रूफ’ जाऊन ‘रेझिस्ट’ आले. केसच्या पाठीवरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा अंक. आता पाठीवर आठाने सुरू होणारा क्रमांक आणि तबकडीवर ‘रेझिस्ट’ अशी जोडी समोर आली, तर दोघांची जबानी जुळत नाही. कदाचित कंपनीच्याच दुरुस्तीत तबकडी बदलली असेल, कदाचित ती अलीकडेच छापली असेल. पण विचारपूस करावीच लागते. स्विस घड्याळांत सहाच्या आकड्याखाली ‘टी स्विस टी’ अशी बारीक अक्षरे दिसतात, ती ट्रिटियमची खूण. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. म्हणजे १९६५ च्या तबकडीत आज मूळच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपासच ते उरले असणार. अशी तबकडी रात्रभर लख्ख चमकली तर लेप नवा आहे, हे निश्चित समजावे. भिंगाखाली आणखी दिसते. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी तंतोतंत जुळतात; रंगवलेल्या तबकडीत अक्षरे जाडी होतात, रेघा केसभर सरकतात. धुरावरून अग्नी ओळखणारे नैयायिकांचे अनुमान ते हेच, आणि धूर कृत्रिम असेल तर ते कोसळते.

पेणच्या मूर्तीचा आक्षेप इथेच सुटतो. नवी मूर्ती मागच्या वर्षीची असल्याचा आव आणत नाही. जुनीचे विसर्जन सगळ्या गावासमोर, वाजतगाजत झालेले असते. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर साचलेला हजार किलोहून अधिक शेंदूर २०२२ मध्ये उतरवला गेला आणि आतले रूप भाविकांना दिसले. त्याआधीचे शेंदरी रूप खोटे होते असे म्हणायची वेळ कुणावर आली नाही, कारण तो मूर्तीवर वाहिलेला शेंदूर आहे हे सर्वांना ठाऊक होते. धर्माने नूतनीकरणाला हरकत घेतलेली नाही. मात्र ते उघडपणे केले जाते.

कुणी म्हणेल, पितळेच्या चकतीत एवढा जीव गुंतवणे हाच परिग्रह. गुंतवणारे पुष्कळ आहेत, हे खरे. पण योगशास्त्रातल्या यमांच्या क्रमात सत्य आणि अस्तेय ही अपरिग्रहाच्या आधी येतात. रंगवलेली तबकडी मूळ म्हणून विकणारा जे दिलेच नाही त्याचे पैसे घेतो, आणि पुढच्या अभ्यासकासमोर खोटा साक्षीदार उभा करतो. परदेशी घड्याळ मिळणे दुरापास्त होते त्या काळात ज्याने वडिलांची फेवर-ल्यूबा वापरता यावी म्हणून रंगवून घेतली, त्याच्याकडे मात्र बोट दाखवू नये. त्याने कुणाला फसवले नाही. म्हणून घड्याळजींना आणि विकणाऱ्यांना एवढीच विनंती: तबकडी जरूर रंगवा, पण खरवडण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, आणि बिलावर स्वच्छ लिहा, ‘तबकडी रंगवलेली आहे.’