लाखभर पुस्तके आणि एकटा माणूस

बनारस हिंदू विद्यापीठाचे मध्यवर्ती ग्रंथालय १९१७ साली सुरू झाले ते प्रा. पी. के. तेलंग यांनी दिलेल्या पुस्तकांवर. वडिलांच्या, म्हणजे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या, स्मरणार्थ त्यांनी तो संग्रह दिला होता. पुढे लंडनच्या गोलमेज परिषदेहून परतलेल्या, विद्यापीठाचे संस्थापक मदनमोहन मालवीय यांच्या मनात ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय घर करून राहिले. त्या धर्तीवर वास्तू बांधायला पैसे दिले बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९४१ मध्ये ग्रंथालय नव्या वास्तूत गेले; महाराज त्याआधी दोन वर्षे वारले होते. पुस्तके तेलंगांची, छप्पर गायकवाडांचे. काशीत आलेल्या मराठी माणसाला हे सांगताना छाती जरा फुगते, आणि तिथेच आपण बहुधा थांबतो.

सयाजीरावांकडून छपराखेरीज आणखी एक गोष्ट घेण्यासारखी होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झालेले होते; शिकलेल्या माणसाच्या हाती पुस्तक पडले नाही तर तो पुन्हा निरक्षर होईल, ही महाराजांची चिंता. परदेशी तज्ज्ञ आणायचा, त्याने संस्था उभारायची आणि तो गेला की ती बसायची, हा संस्थानी कारभारातला नेहमीचा अनुभव. इथे तसे झाले नाही. बॉर्डनने १९११ मध्येच स्थानिक माणसांसाठी प्रशिक्षणवर्ग काढला. आपल्या देशातला हा पहिला. १९१३ मध्ये तो मायदेशी परतला, पण काम अडले नाही. जनार्दन कुडाळकर आणि इतरांनी ते पुढे नेले, गावोगावी वाचनालये निघाली, पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. तज्ज्ञाचे मोल तो गेल्यानंतर कळते, असा तो हिशेब होता.

आता काशीतले दुसरे चित्र. १९४५ मध्ये मद्रास विद्यापीठातली वीस वर्षांची नोकरी संपवून एस. आर. रंगनाथन बनारस हिंदू विद्यापीठात ग्रंथपाल म्हणून आले. ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे मांडणारे, द्विबिंदू वर्गीकरणाचे जनक. सुमारे दोन वर्षांच्या मुक्कामात त्यांनी लाखाच्या घरातल्या संग्रहाचे वर्गीकरण आणि तालिकीकरण जवळजवळ एकहाती केले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गांत हा प्रसंग भक्तिभावाने येतो. मला त्यात कौतुकाइतकीच हळहळ वाटते. लाख पुस्तके हाताखालून गेली की कुठले पुस्तक दोन विषयांच्या सीमेवर बसते, कुठला अनुवाद मूळ ग्रंथाच्या शेजारी ठेवावा, कुठे नियम वाकवावा लागतो, हे बोटांना कळू लागते. ते सगळे शिक्षण एका माणसाला मिळाले, आणि नेमके त्यालाच त्याची गरज सर्वांत कमी होती. १९४७ मध्ये ते दिल्लीला गेले.

रंगनाथन शिकवत नव्हते असे अजिबात नाही. आयुष्यभर त्यांनी विद्यार्थी घडवले. पण ते स्वतः कसे शिकले ते पाहा. गणिताचा हा प्राध्यापक १९२४ मध्ये ग्रंथपाल झाला तेव्हा त्याला या कामाचा गंध नव्हता. त्याला लंडनला पाठवले. तिथे सेयर्स नावाचा गुरू भेटला, तो क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा प्रमुख. रंगनाथन तिथे प्रत्यक्ष कामाला बसले, शंभराहून अधिक ग्रंथालये पायाखाली घातली. वर्गातल्या व्याख्यानांहून या उंबरठ्यांनी त्यांना अधिक दिले असावे, असा माझा तर्क आहे. जे स्वतःला मिळाले ते काशीतल्या साहाय्यकांना मिळायला वेळ नसावा, किंवा मनुष्यबळ. मोठ्या माणसाची घाई संस्थेला कधी कधी महागात पडते.

काशीत याच्या उलट परंपराही आहे. आजच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या सरस्वती भवनात १९१४ पासून गोपीनाथ कविराज ग्रंथपाल होते. तिथे लाखाहून अधिक हस्तलिखिते आहेत. लाल फडक्यात बांधलेली पोथी सोडायची कशी, पाने सुटी झाली तर क्रम कशावरून लावायचा, शारदा लिपीतले अक्षर आणि लेखनिकाची चूक यांत फरक कसा ओळखायचा, हे कुठल्याही पुस्तिकेत पुरते उतरत नाही. ते शेजारी बसून, ओरडा खाऊन शिकायचे असते. काशीतल्या पंडितांच्या घरी वेदपाठ असाच चालत आला.

आजची आपली पद्धत बडोद्याचा प्रशिक्षणवर्ग आणि काशीतले शेजारी बसून शिकणे या दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात पडली आहे. विद्यापीठीय ग्रंथपालांना पदोन्नतीसाठी उजळणी पाठ्यक्रम लागतात, म्हणून ते जातात, प्रमाणपत्र आणतात, ते फायलीला लागते. महाराष्ट्रात जिल्हा ग्रंथालय संघांचे प्रमाणपत्र वर्ग आहेत. खेड्यातल्या वाचनालयाच्या सेवकाला तेवढाच आधार, आणि मानधन इतके तुटपुंजे की शिकलेला माणूस दुसरी नोकरी शोधतो. सर्वांत वाईट अवस्था तळघरातून पुस्तके काढून आणणाऱ्या शिपायाची. दाखल क्रमांक पुसट झालेले पुस्तक कुठल्या घोड्यावर, कुठल्या कप्प्यात आडवे पडले आहे, हे त्याला माहीत असते. त्याला कुणी प्रशिक्षणाला पाठवत नाही, त्याच्याकडून कुणी शिकतही नाही. तो निवृत्त झाला की संगणकावर ‘उपलब्ध’ दिसणारी पुस्तके सापडेनाशी होतात. संगणक आल्यावर हे सुटेल असे सांगितले गेले होते. कोहासारखी मुक्त प्रणाली देवघेव झकास सांभाळते, पण तिच्यात चुकीचा भरलेला वर्गांक ती चुकीचाच, मात्र फार वेगाने दाखवते.

‘वेळ कुठे आहे?’ हा आक्षेप खरा आहे. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, खिडकीवर दोनच माणसे असतात. तरीही शनिवारी ग्रंथालय उघडण्यापूर्वीचा एक तास निघू शकतो. त्या तासाला व्याख्याता बाहेरून बोलावू नये. शिपायाने तळघरात पुढे चालावे, नव्या साहाय्यकाने वही घेऊन मागे जावे, आणि ग्रंथपालाने, पदवी कितीही मोठी असली तरी, कंदील धरावा. विजेचा असला तरी चालेल.