कानामागून डोळे

‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण मुलांचं वाचन तपासायला एक छोटा तक्ता वापरतात. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा उतारा आणि त्याहून जरा लांब अशी गोष्ट असते. मुलाला उतारा वाचता आला की नाही हे ठरवताना पाहणी करणाऱ्याला एक सूचना दिलेली असते. मूल हळू वाचत असेल तरी चालेल, दोन-तीन चुका झाल्या तरी चालतील. पण ते वाक्य वाचतंय असं वाटलं पाहिजे, सुटे शब्द एकापुढे एक म्हणतंय असं नव्हे. प्राथमिक शाळेतल्या वाचनाचं खरं दुखणं या एका सूचनेत नेमकं पकडलेलं आहे. शब्द ओळखणारी मुलं वर्गात पुष्कळ असतात. गाडी अडते ती वाक्याशी. 2024 च्या ‘असर’मध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकणारी मुलं 23.4 टक्के निघाली.

उरलेल्यांतल्या काहींना अक्षरंच येत नाहीत. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. इथे विचार करायचा तो मधल्या मुलांचा. त्यांना अक्षर येतं, शब्द जुळवता येतो, आणि तरी वाचलेलं हाती लागत नाही. अशा मुलाच्या पुढ्यात छापील पान ठेवलं आणि त्याच पानाचं ऑडिओबुक त्याच्या कानाशी लावलं, तर नेमकं काय घडतं?

त्यासाठी आधी न घडणारी गोष्ट बघू. ‘गाडीतला चारा बघून बैल उठून बसला’ हे वाक्य घ्या. आपला तिसरीतला मुलगा ते असं वाचतो: गा-डी-त-ला, चा-रा, ब-घू-न, बै-ल, उ-ठू-न, ब-स-ला. एकही अक्षर चुकलेलं नाही. पण ‘ब-स-ला’ असं तो जन्मात कधी बोललेला नाही. बोलताना तो ‘बस्ला’ म्हणतो, ‘गाडीत्ला’ म्हणतो. मधला ‘अ’ कुठे गिळायचा हे देवनागरी लिहून दाखवत नाही. ‘चारा’मधला ‘च’ त्यानं पाढ्यातल्या ‘चार’सारखा उच्चारला, आणि बैलाचं खाणं त्याला ओळखूच आलं नाही. शिवाय पुस्तक ‘त्याने पाहिले’ म्हणतं, घरी ‘त्यानं पाह्यलं’ चालतं. सगळे आवाज बरोबर काढूनही शब्द परका वाटतो. तो ओळखायच्या खटपटीत ‘बसला’पर्यंत पोचेतो ‘गाडीतला’ डोक्यातून निसटलेलं असतं.

आपण मोठी माणसं अशा वेळी सांगतो, ‘परत वाच, नीट वाच.’ मूल परत वाचतं आणि परत तसंच वाचतं. कारण त्याला जे कमी पडतंय ते पानावर छापलेलंच नाही. गिळलेला ‘अ’, दोन ‘च’मधला फरक, ‘बघून’नंतरचा किंचित थांबा, वाक्याच्या शेवटी खाली येणारा सूर, हे सगळं आवाजात असतं. ज्यांना वाचता येतं ते तो आवाज पदरचा घालून वाचतात, म्हणून त्यांना पान पुरतं. मुलाला तो आवाज बाहेरून पुरवावा लागतो.

हा आवाज पचवायची ताकद मुलाकडे असते का? असते, आणि आपल्याला वाटते त्याहून बरीच जास्त. ऐकून समजणं आणि वाचून समजणं यांची तुलना करणाऱ्या अमेरिकेतल्या थॉमस स्टिच्ट यांच्या कामातून असं दिसलं, की साधारण सातवी-आठवीपर्यंत मुलांचा कान डोळ्यांच्या पुढे असतो. मूल वाचून समजू शकेल त्यापेक्षा अवघड मजकूर त्याला ऐकून समजतो. पुढे हे अंतर मिटतं आणि सराईत वाचक तर बोलण्याच्या वेगापेक्षा भरभर वाचू लागतो. कानामागून आलेले डोळे तिखट होतात, पण त्याला वेळ लागतो.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये वाचनाचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. त्यांनी बेरीज मांडली नाही, गुणाकार मांडला. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्यच. आपल्या शाळांत पहिल्या घटकावर सगळी मेहनत जाते, आणि त्याला कारणही आहे. रोमन लिपीत अक्षरं 26. आपली नुसती बाराखडी घातली तरी शेकडो अक्षरचिन्हं होतात, वर जोडाक्षरं आणि रफार. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या अभ्यासात (2007) मुलं चौथीतही अक्षरं पक्की करतच होती असं आढळलं. मराठीची घडण याबाबतीत कन्नडच्या जवळची आहे. म्हणजे अक्षरांचा टप्पा आपल्याकडे तीन-चार वर्षं रेंगाळतो. तेवढा काळ मुलाच्या वाट्याला काय येतं? ‘कमल बघ, छगन बघ’च्या जातीची, काना-मात्रा चुकवत बेतलेली वाक्यं. ज्या वयात त्याला राक्षस, भुयार, दगाबाजी आणि सुटका हवी असते, त्या वयात भाषेची अशी उपासमार होते. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातला यादगीर जिल्हा इथल्या शाळांत काही वर्षं चाललेल्या एका अभ्यासाच्या अहवालातही (2017) हेच चित्र होतं: वेळ जातो अक्षरं गिरवण्यात आणि फळ्यावरचं उतरवून घेण्यात, अर्थाकडे आणि बोलण्याकडे फारसं कुणी वळत नाही.

ऑडिओबुक इथे दोन कामं एकदम करतं. भुयाराची गोष्ट ते आजच पोचवतं, बाराखडी पुरी होण्याची वाट पाहायला लावत नाही. त्यामुळे गुणाकारातला दुसरा घटक वाढत राहतो. आणि तेच पान समोर असेल, तर लिपीच्या कामातही ते हात घालतं. ‘बसला’ ही तीन अक्षरं डोळ्यासमोर असताना कानात ‘बस्ला’ पडतं आणि दोन्हींची गाठ बसते. दहा-वीस वेळा अशी गाठ बसली की तो शब्द पुन्हा अक्षर-अक्षर सोडवावा लागत नाही. अडखळण्यात खर्च होणारं लक्ष मोकळं होतं आणि अर्थाकडे वळतं.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण कसं चालतं ते आठवा. व्यासपीठ चालक माईकवर ओवी म्हणतात. पुढ्यात ग्रंथ उघडून बसलेली मंडळी ओळीवर नजर ठेवून त्यांच्याबरोबर म्हणतात. सातशे वर्षांहून जुनी मराठी, 9,000 हून अधिक ओव्या आणि सात दिवस. बसलेल्यांत शाळा जेमतेम पाहिलेल्या बायका असतात, नुकताच माळ घातलेला शाळकरी पोर असतो. एकट्यानं ग्रंथ उघडला असता तर पहिल्या पानावर थांबले असते. तिथे आवाज पुढे चालतो, डोळे त्याच्या मागून जातात, चुकलेली जागा पुढच्या ओवीला सापडते. पुढच्या वर्षी तेच अध्याय पुन्हा येतात. हरिपाठ तर आधी तोंडी येतो आणि मग पुस्तकात ‘दिसायला’ लागतो. याला कुणी वाचनाची पळवाट म्हणत नाही.

शाळेत मात्र म्हणतात. पाठ झालेलं म्हणून दाखवणं याला वाचन कसं म्हणायचं, हा आक्षेप शिक्षक घेतात आणि तो रास्त आहे. कॅरल चॉम्स्की यांनी 1976 च्या एका लेखात याच प्रश्नाला हात घातला. त्यांच्यापुढे तिसरीतली काही मुलं होती. अक्षरओळखीचे सगळे पाठ झालेले, पण वाचन रखडलेलं. आणखी पाठ देऊन उपयोग नव्हता. चॉम्स्कींनी त्यांना गोष्टींची पुस्तकं आणि त्यांच्या टेप दिल्या. पुस्तक समोर ठेवून तीच टेप ऐकत राहायचं, आवाजाबरोबर अस्खलित वाचता येईपर्यंत. मुलांची पुस्तकं जवळजवळ पाठ झाली, आणि चॉम्स्कींना ते हवंच होतं. पाठ असलेला मजकूर पानावर शोधताना मूल पहिल्यांदा लिपीकडे निर्धास्तपणे बघतं. ‘आता काय येणार’ ही धास्ती नसते, म्हणून ‘हे असं लिहितात होय’ हे दिसतं. पहिल्या पुस्तकाला खूप दिवस लागले, पुढच्यांना कमी कमी लागत गेले. नुसतं पाठांतर असतं तर प्रत्येक पुस्तकाला तेवढाच वेळ लागला असता. घटत गेलेला वेळ सांगतो, की मुलं गोष्टीबरोबर वाचनही शिकत होती.

आत्मविश्वासाचं कोडंही इथेच सुटतं. वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी आली की अडखळणारं मूल पानाकडे कमी आणि बाईंच्या चेहऱ्याकडे जास्त बघतं. शब्द अर्धा झाला की बाई पुरा करतात, मागच्या बाकावर कुणीतरी फिसकतं. अशी वर्षभर पाळी येत राहिली की मूल एकच गोष्ट पक्की शिकतं: आपल्याला येत नाही. हेडफोन लावून तेच पान दहाव्यांदा ऐकताना त्याला कुणी बघत नाही. यंत्र सुस्कारा टाकत नाही, ‘अजून तिथंच का?’ असं विचारत नाही. मग एक दिवस ते मूल तयार झालेलं पान घेऊन वर्गासमोर उभं राहतं आणि स्वतःच्या तोंडून वाक्य सलग बाहेर पडताना ऐकतं. शंभर ‘शाब्बास’ जे करू शकत नाहीत ते त्या एका वाक्यानं होतं, कारण ते खरोखर वाचलेलं असतं.

हे आपोआप होत नाही. कानात गोष्ट आणि डोळे खिडकीबाहेर असतील तर शब्दसंपत्ती वाढेल, वाचन वाढणार नाही. म्हणून पहिली अट समोर पान, पानावर बोट. दुसरी अट, ध्वनिमुद्रण छापील मजकुराशी शब्दन् शब्द जुळणारं हवं. पार्श्वसंगीत आणि चार-चार पात्रांचे आवाज घालून रंगवलेलं संक्षिप्त रूप ऐकायला झकास, पण बोट कुठे ठेवायचं? तिसरी अट वेगाची. मोठ्यांसाठीच्या ऑडिओबुकांचा वेग मुलाच्या बोटाला झेपत नाही, आणि फोनवर वेग 0.75 च्या खाली नेला तर आवाज ताणला जाऊन वाक्याची चालच मोडते. त्यापेक्षा वाचणाऱ्यानंच ‘गाडीतला चारा बघून’ म्हणून दम घ्यावा आणि मग ‘बैल उठून बसला’ म्हणावं. त्या थांब्यात मुलाचं बोट आवाजाला गाठतं.

असं ध्वनिमुद्रण करायला स्टुडिओ लागत नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर उच्चारलेला शब्द पडद्यावर रंगत जाणाऱ्या गोष्टी आहेत, त्या जरूर वापराव्यात, पण बाईंनी स्वतःच्या फोनवर धड्याचं एक पान वाचून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलं, तरी काम भागतं. उलट ओळखीच्या आवाजाचा धाक कमी वाटतो. वारली किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांसाठी तर गोष्ट आधी त्यांच्या बोलीत कुणीतरी सांगावी आणि मग पुस्तकी मराठीतलं पान कानाशी द्यावं. गोष्ट माहीत असली की परक्या वाटणाऱ्या वाक्यातही वाट सापडते.

पान एकच, पण रोज वेगळ्या तऱ्हेनं. पहिल्या दिवशी नुसती गोष्ट ऐकायची. मग बोट ठेवून. मग आवाजाबरोबर पुटपुटत. मग फोनचा आवाज बारीक आणि मुलाचा मोठा. शेवटी फोन बंद. ही शेवटची पायरी गाळली, तर आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं खरं ठरतं.

ती पायरी ज्यांना लागू नाही अशी मुलंही आहेत. बोलकी पुस्तकं मुळात अंधांसाठी आली. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांना कॉलेजची पुस्तकं ऐकता यावीत म्हणून 1948 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली संस्था पुढे डिसलेक्सिया असलेल्या मुलांचाही मोठा आधार झाली. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. अशा मुलाच्या कानातला आवाज काढून घ्यायची घाई करू नये. इतिहासाचा धडा समजून घेण्याचा तोच त्याचा रस्ता असू शकतो. आणि ज्याला अजून अक्षरंच ओळखीची नाहीत, त्याला आवाज लिपी शिकवणार नाही. ते काम शिक्षकांचंच.

मधल्या मुलासाठी मात्र हिशोब सरळ आहे. त्यानं किती पुस्तकं ऐकली याची यादी ठेवून फार काही कळत नाही. महिनाभरानं कधीही न ऐकलेल्या पुस्तकाचं एक पान त्याच्यापुढे ठेवावं आणि त्या ‘असर’वाल्या सूचनेप्रमाणे कान द्यावा: हा शब्द म्हणतोय, की वाक्य वाचतोय? पहिल्या महिन्यात बहुधा शब्दच ऐकू येतील. तेव्हा फोन परत कानाशी द्यावा आणि पुढचं पुस्तक त्यालाच निवडू द्यावं.