पवित्र चोरी?

दक्षिण फ्रान्समधील कोंक हे डोंगरकुशीतले चिमुकले गाव. ९व्या शतकात येथील एका मठवासीयाने आजाँ नगरातून बालहुतात्मा संत फ्वा हिचे अवशेष चोरून आणले, असे परंपरा सांगते. मग सांतियागोच्या वाटेवरील यात्रेकरूंची येथे रीघ लागली, भव्य मंदिर उभे राहिले. त्याच्या दारावरील १२व्या शतकातील अंतिम न्यायाच्या शिल्पात, गळ्यात थैली असलेला कृपण नरकात फासावर लटकतो आहे.

हेतू पवित्र म्हणून साधन पवित्र ठरते काय? त्या मठवासीयाला आम्ही सहज दोष देतो. पण आमच्या मंदिरासाठी आलेल्या देणगीचा उगम आम्ही तरी कुठे विचारतो? चोरीनंतरही देवाने तेथे कृपेचा झरा वाहू दिला, हे त्याचे औदार्य. चोरीला दिलेली संमती नव्हे.